वाडा सुटला, सही सुटू नये

परवा मंडईत जुन्या गल्लीतल्या एक वहिनी भेटल्या. मेथीची जुडी पिशवीत टाकता टाकता म्हणाल्या, "ऐकलं ते खरं का हो? वाडा विकून तुम्ही बिल्डिंगीत गेलात म्हणं. करमतं का तिथं?"

मी म्हटलं, "करमतं की. झाडायला तीनच खोल्या आहेत."

त्या हसल्या. मग इकडंतिकडं बघून हळू आवाजात म्हणाल्या, "आमच्यात बी तेच चाललंय. पोरगा मागं लागलाय. पण मला कुणी काही विचारतच नाही. सही कुठं करायची तेवढं सांगतात."

घरी येऊन मेथी निवडताना तेच वाक्य डोक्यात घोळत राहिलं. म्हणून आज त्यावरच लिहायचं ठरवलं.

मैत्रिणींनो, आपल्या अंबाजोगाईत, बीडला, परळीला, माजलगावला, कुठल्याही जुन्या गल्लीतून चक्कर मारून बघा. मोठमोठी घरं आणि आत दोनच म्हातारी माणसं. लेकरं पुण्याला, संभाजीनगरला, हैदराबादला. सहा खोल्यांपैकी चार खोल्यांना कुलूप. दिवाळीत आठ दिवस कुलपं निघतात, भाऊबीज झाली की परत लागतात. झाडलोट मात्र बारा महिने. ती कोण करतं, ते मी सांगायला नको.

आमचंही तसंच होतं. ढाळज, मधे चौक, चौकात तुळस, मागं आड. निम्म्या घरावर माळवद होतं, निम्म्यावर नंतर टाकलेले पत्रे. माळवदाचं घर उन्हाळ्यात थंडगार असतं, हे खरं. पण दर मृगाच्या आधी वर पांढरी माती टाकायची, दाबायची, गळती शोधायची. पूर्वी या कामाला गडी मिळायचे. आता ते काम येणारी माणसंच राहिली नाहीत.

आणि एक भीती होती. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट आपल्या भागातल्या कोणत्या बाईला आठवत नाही? किल्लारीला भूकंप झाला आणि इकडं आमच्या फडताळातली भांडी खडखडली. लेकरांना काखोटीला मारून आम्ही चौकात धावलो होतो. लातूर-उस्मानाबादकडं हजारो माणसं गेली, ती बहुतेक झोपेतच गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि डोक्यावर मातीचं ओझं, हेच तिथं अंगावर आलं. त्या दिवसापासून माळवदाखाली मला कधी गाढ झोप लागली नाही. वाड्यावर कितीही प्रेम असलं तरी हे सांगितलंच पाहिजे. आठवणी काढताना आपण थंडगार माळवद तेवढं सांगतो, भीती सांगत नाही.

हे शाळेतून निवृत्त झाले, मग माझे गुडघे गेले. न्हाणी एका टोकाला, संडास दुसऱ्या टोकाला, मधे चार पायऱ्या. एका पावसाळ्यात रात्री चौकातल्या शेवाळावरून माझा पाय घसरला. हाड मोडलं नाही, पण त्या रात्री आम्ही दोघं बराच वेळ बोललो. आणि ठरलं, हे घर आता आपल्याला झेपत नाही.

पोरानं लगेच सांगितलं, "विका आणि पुण्याला या." त्याचा हेतू चांगलाच होता. पण पुण्यात आमचं कोण? सकाळी दोघं कामाला गेली की आम्ही दोघं दहाव्या मजल्यावर टीव्ही बघत बसायचं. दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे नव्यानं ओळखायचे. इथं योगेश्वरीच्या देवळात गेलं तर दहाजणी विचारतात, "काल दिसला नाहीत?" जवळच स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. शिवाय पुण्यातल्या किमतीत इथं दोन घरं येतात. म्हणून आम्ही ठरवलं, घर बदलायचं, गाव नाही.

इथपर्यंत सगळं सोपं होतं. खरी गोष्ट पुढं सुरू झाली, ती कागद काढल्यावर.

वाडा सासऱ्यांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेला. आधीच्या मालकाचे जुने कागद निजामाच्या काळातले, उर्दूत. आपला भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळं मराठवाड्यात पुष्कळ घरांचे कागद असेच आहेत. ते वाचून घेण्यासाठी जाणकार शोधावा लागला. सासरे मृत्युपत्र न करता गेले, नंतर सासूबाई गेल्या. नगरपालिकेच्या घरपट्टीवर नाव मात्र एकट्या यांचं. आम्ही इतकी वर्षं समजत होतो, पावतीवर नाव म्हणजे घर आपलं.

वकील म्हणाले, "घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे. तुमच्या दोन बहिणी आहेत. तिघांचे समान वाटे आहेत. त्यांच्या सह्या लागतील."

हे गप्प झाले. मग नेहमीचा मार्ग निघाला, हक्कसोडपत्र. बहिणींना साडीचोळी करायची, रजिस्ट्री ऑफिसात न्यायचं, सह्या घ्यायच्या, जेवू घालून गाडीत बसवून द्यायचं. आपल्याकडं घरोघर हेच चालतं. बहीण 'नाही' म्हणत नाही, कारण नाही म्हटलं तर माहेर तुटतं.

खोटं कशाला बोलू? पहिल्यांदा मलाही तेच बरं वाटलं. तिसरा वाटा आणि पूर्ण घर यात किती फरक पडतो, ते मी मनातल्या मनात मोजलं होतं. सासू-सासऱ्यांचं आजारपण आम्ही काढलं, घरावर खर्च आम्ही केला, ही सगळी कारणं माझ्याकडं तयार होती. पण त्याच आठवड्यात माझ्या मनात दुसराही हिशेब चालू होता, की नवा फ्लॅट माझ्याही नावावर हवा. आणि एके रात्री माझं मलाच लागलं. घरात बाईचं नाव हवं म्हणणारी मी, त्याच घरातल्या दोन बायांची नावं पुसायला निघाले होते.

कायदा काय सांगतो ते आपण नीट समजून घ्यायला हवं. वडिलांनी स्वतः कमावलेलं घर असेल आणि ते मृत्युपत्र न करता गेले, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणं त्यांची बायको, मुलगे, मुली आणि आई हयात असेल तर आई, या सगळ्यांना सारखा वाटा मिळतो. हे १९५६ पासून आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखा जन्मतः हक्क २००५ च्या दुरुस्तीनं देशभर मिळाला. आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की, ती दुरुस्ती झाली तेव्हा वडील हयात नव्हते म्हणून मुलीचा हक्क जात नाही. लग्नात हुंडा दिला, बाळंतपणं केली, म्हणून वाटा संपला, असं कायद्यात कुठंही लिहिलेलं नाही.

मी यांना म्हटलं, "अक्कांना विचारू. सही मागायची नाही, विचारायचं." हे आधी चिडले. दोन दिवस बोलले नाहीत. मग त्यांनीच परभणीला फोन लावला. थोरल्या अक्का ऐकून घेऊन म्हणाल्या, "माझ्या वाट्याचं मला दे बाबा. माझ्या औषधपाण्याला मला कुणापुढं हात पसरायचा नाही." धाकटी म्हणाली, "मला अर्धाच दे, अर्धा तुम्हालाच. आई-बाबांचं तुम्ही केलंत." दोघींनी जे मागितलं ते त्यांच्या मनानं मागितलं. विक्रीच्या दिवशी तिघं भावंडं एका बाकावर बसून सह्या करत होती. नंतर अक्का आमच्या नव्या घरी आठ दिवस राहून गेल्या. हक्कसोड घेतलं असतं तर त्या आल्या असत्या का, कुणास ठाऊक.

आता दुसरी सही. ती आपली स्वतःची.

समजा नवा फ्लॅट एकट्या नवऱ्याच्या नावावर आहे. दोन मुलं, एक मुलगी. उद्या त्यांचं बरंवाईट झालं आणि मृत्युपत्र नसेल, तर त्या फ्लॅटचे चार वाटे होतात. ज्या स्वयंपाकघरात तुम्ही उभ्या आहात, ते चार आणे तुमचं, बारा आणे लेकरांचं. लेकरं चांगली असतील तर प्रश्न नाही. पण आपलं म्हातारपण लेकरांच्या चांगुलपणावर आणि सुनेच्या मर्जीवर का टांगून ठेवायचं? म्हणून घेतानाच दोघांच्या नावानं घ्यावं. आणि दोघांनीही आपापलं मृत्युपत्र करावं. त्याला स्टँप पेपर लागत नाही. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, केलेली बरी. मृत्युपत्र म्हटलं की आपल्याकडं तोंडावर हात ठेवतात. अभद्र बोलू नये म्हणतात. अहो, त्या कागदानं कुणी मरत नाही, मागं राहिलेली बाई मात्र जगते.

पुष्कळ जणी म्हणतात, "माझं नाव वारस म्हणून लावलंय की सोसायटीत." ते नामनिर्देशन झालं. नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे. खरे वारस ठरेपर्यंत सांभाळणारी, एवढाच त्याचा अर्थ.

महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून बाईच्या एकटीच्या नावानं राहतं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. तीस लाखांच्या घरावर तीस हजार वाचतात. पूर्वी असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकता येत नसे, ती अट २०२३ मध्ये काढली. मात्र नवऱ्याचं नाव जोडीला असेल तर ही सवलत नाही. आणि इथं एक खोच आहे. जुनं घर विकून झालेल्या नफ्यावर कर लागतो. विक्रीच्या आधी एक वर्षात किंवा नंतर दोन वर्षांत दुसरं घर घेतलं तर त्यात सूट मिळते. पण विकलेलं घर नवऱ्याचं आणि घेतलेलं फक्त बायकोचं, असं असेल तर त्या सुटीवरून वाद होऊ शकतो. म्हणून व्यवहाराच्या आधी सीएकडं जा, नंतर नाही. आणि जाताना दोघंही जा. आम्ही हिशेब करून दोघांच्या नावानं घेतलं. तीस हजार गेले, झोप लागली.

फ्लॅट बघताना पुरुष मंडळी दर आणि पार्किंग बघतात. आपण काय बघायचं ते सांगते.

पहिलं पाणी. आपला जिल्हा पाण्यावाचून काय काय सोसतो ते मी सांगायला नको. अंबाजोगाईचं पाणी धनेगावच्या मांजरा धरणातून येतं. तेच धरण आटलं तेव्हा २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. वाड्यात निदान आड होता. बिल्डिंगीत नळ किती दिवसांनी येतो, खालची टाकी केवढी, बोअर मे महिन्यात चालतो का, टँकरचे पैसे कसे वाटतात, हे तिथं राहणाऱ्या बायांना विचारा. बिल्डरला विचारू नका. आणि घर बघायला जायचं ते एप्रिल-मेमध्ये.

दुसरं, लिफ्ट आणि वीज. लिफ्ट आहे, पण वीज गेल्यावर चालते का? नसेल तर तळमजला किंवा पहिला मजला. आज चढता येतं म्हणून तिसऱ्या मजल्यावर घेऊ नका. घर आजच्या गुडघ्यांसाठी नाही, आणखी दहा वर्षांनंतरच्या गुडघ्यांसाठी घ्यायचं आहे.

तिसरं, न्हाणीघर. फरशी घसरडी नको, भिंतीला धरायला दांडी बसवता यावी, दार रुंद असावं. ज्येष्ठांसाठी म्हणून बांधलेल्या प्रकल्पांसाठी महारेरानं २०२४ मध्ये नियम घालून दिले आहेत. आपल्या तालुक्याच्या गावी असे प्रकल्प कुठं आहेत? म्हणून आपणच बघून घ्यायचं.

चौथं, कागद. मोठ्या प्रकल्पाची महारेराकडं नोंदणी लागते. पण जागा पाचशे चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल, किंवा आठपेक्षा जास्त फ्लॅट नसतील, तर ती लागत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच बिल्डिंगी याच मापाच्या असतात. तिथं आपले डोळे हीच नोंदणी. बांधकाम परवाना आणि भोगवटा प्रमाणपत्र बघितल्याशिवाय इसार देऊ नका. दर सांगताना जिना, गच्ची धरून चौरस फूट सांगतात. तुम्ही चटई क्षेत्र विचारा, म्हणजे आतून झाडू फिरतो तेवढी जागा.

आणखी एक विचारा. इमारत सोसायटी आहे की अपार्टमेंट? दोन्ही वेगळं असतं. सोसायटीत जमीन आणि इमारत सोसायटीची असते, आपण सभासद. १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली फ्लॅट आपल्या मालकीचा, आणि खालच्या जमिनीत आपला न वाटलेला हिस्सा. त्याचं वेगळं खरेदीखत होतं, त्याला डीड ऑफ अपार्टमेंट म्हणतात. ते झालं नसेल तर कागद अर्धाच आहे असं समजा.

आता शिल्लक रकमेचं. वाटे देऊन, फ्लॅट घेऊन हातात काही उरतं. त्या पैशावर घरातल्या सगळ्यांचे डोळे असतात. एका काकूंचं सांगते. त्यांनी घर विकलं, सगळे पैसे पोराच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये घातले, नाव फक्त पोराचं. आज त्या त्याच फ्लॅटच्या हॉलमध्ये दिवाणावर झोपतात. पाहुणे आले की दिवाण रिकामा करून द्यायचा. पोरगा वाईट नाही हो. पण काकूंना आता कपाटाचा एक कप्पासुद्धा मागून घ्यावा लागतो. माहेरी मागून घेतलं, सासरी मागून घेतलं, आता लेकाकडंही मागूनच.

लेकराला द्यायचंच असेल तर आपलं राहून उरेल ते द्या. साठी उलटलेल्यांसाठी पोस्टात आणि बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. २०२३ पासून तीत तीस लाखांपर्यंत ठेवता येतात, दर तीन महिन्यांनी व्याज हातात येतं. आपल्या नावाचं वेगळं खातं ठेवा. आणि घर लेकाच्या नावानं बक्षीसपत्र करून द्यायचंच ठरवलंत, तर 'आम्हाला सांभाळण्याच्या अटीवर' हे शब्द त्या कागदात आलेच पाहिजेत. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार अशी अट मोडली तर बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांकडं करायचा असतो. निर्वाहखर्चही मागता येतो, महिना दहा हजारांपर्यंत. लेकरावर अर्ज करायची वेळ कुणावर येऊ नये. पण ते दार आहे हे माहीत असलेलं बरं.

कागदांचं पुष्कळ झालं. थोडं घराचंही सांगते, कारण वहिनींनी विचारलं होतं, करमतं का.

सामान आवरायला दोन महिने लागले. जातं, उखळ, पाण्याचा तांब्याचा बंब, तीन पिढ्यांच्या वाकळा, बळदाच्या तोंडावरचा दगड. बंब मोडीत काढताना मी आत जाऊन बसले. वाकळा मात्र दिल्या नाहीत. चार ठेवल्या, बाकीच्या ऊसतोडीला जाणाऱ्या एका घरात दिल्या. सगळ्यात मोठा प्रश्न महालक्ष्म्यांचा. आमच्याकडं महालक्ष्म्या चौकात मांडून बसायच्या, जेवायला पन्नास पान. फ्लॅटच्या हॉलमध्ये दोघी बसल्यावर माणसं बसायची कुठं? पहिल्या वर्षी वरच्या मजल्यावरच्या तरुण सुनेनं तिचा हॉल उघडून दिला. पंगत तिच्याकडं, महालक्ष्म्या माझ्याकडं.

काही गेलं ते गेलंच. रात्री चौकातून दिसणारं आभाळ गेलं. पहाटे तुळशीला पाणी घालायला अनवाणी जायचे ते गेलं. कुरडया आता गच्चीवर वाळतात आणि त्यावरून खालच्या बाईंशी माझं एकदा भांडणही झालं. पण रात्री पाऊस आला की मी उठत नाही. भांडी मांडायला, गळती बघायला कुणी धावत नाही. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मला पावसाचा नुसता आवाज ऐकू येतो.

म्हणून त्या वहिनींना आणि त्यांच्यासारख्या सगळ्या जणींना माझं एवढंच सांगणं आहे. घर लहान करायला घाबरू नका. दोघंही हिंडती-फिरती असताना करा, एकटं पडल्यावर दुसऱ्यांनी करण्याआधी करा. पण पोरगा कागद पुढं करून "इथं सही कर आई" म्हणाला की पेन उचलू नका. आधी चष्मा लावा. कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा, नाहीतर वाचून घ्या. त्यात तुमचं नाव कुठं आहे ते बघा. तुमच्या नणंदेचं कुठं आहे तेही बघा. मग करा सही.

आणि वहिनी, एकदा घरी या. लिफ्ट आहे.